तिसरा उमेदवार : तारक की मारक?



तिसऱ्या माणसाविषयी आपल्या मराठीत दोन म्हणी आहेत. ‘तीन तिघाडा, काम बिघाडा’ ही एक, आणि ‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही दुसरी. पहिलीत तो काम नासवतो, दुसरीत तो आयत्या बिळावर नागोबा होऊन बसतो. तिसऱ्याविषयी बरे बोलणारी म्हण निदान मला तरी आठवत नाही. निवडणुकीचे दिवस आले की गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत आणि लालबागच्या नाक्यावर हीच भावना निराळ्या शब्दांत ऐकू येते. ‘तो उभा राहिलाय कशाला? मते खायला!’ आणि लगेच मतदाराला उपदेश होतो, ‘त्याला देऊन मत फुकट घालवू नका.’

ही दोन वाक्ये कितपत खरी आहेत, हे आज आपल्याला पाहायचे आहे. अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक आली की तिसरा उमेदवार लोकशाहीला तारक की मारक, हा वाद हमखास रंगतो. आपण म्हणाल, त्या वादाशी परळ-दादरच्या माणसाचा काय संबंध? संबंध असा, की आपल्या देशात राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचा निकाल दुसऱ्या पसंतीच्या मतांवर लागण्याचा प्रसंग आजवर एकदाच आला आहे, तो १९६९ साली. आणि त्या निवडणुकीतला तिसरा उमेदवार होता आपल्या कुलाबा जिल्ह्यात नाते या गावी जन्मलेला एक मराठी पंडित, चिंतामणराव देशमुख. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरचाही आहे. त्या निवडणुकीकडे मी वळणारच आहे. पण त्याआधी आपल्याच वस्तीचा इतिहास थोडा चाळू.

प्रथम शब्दाचा निवाडा करू. ‘मते खाल्ली’ असे आपण म्हणतो, तेव्हा ती मते कोणाच्या तरी ताटात वाढलेली होती, असे आपण गृहीत धरतो. पण मत हे पक्षाच्या ताटातले अन्न नव्हे. ते मतदाराचे आहे, आणि पेटीत पडेपर्यंत किंवा यंत्राचे बटण दाबेपर्यंत दुसऱ्या कोणाचेही नाही. ज्याला ते मिळाले नाही, त्याने ‘माझे खाल्ले’ म्हणून ओरडावे, हे शेजाऱ्याच्या झाडावरचा आंबा दुसऱ्याने नेला म्हणून आपण फिर्याद करण्यासारखे आहे.

याला एक अपवाद मात्र केला पाहिजे. काही उमेदवार खरोखरच मते खाण्यासाठी उभे राहतात किंवा केले जातात. २०१४ सालच्या लोकसभेच्या निवडणुकीत रायगड मतदारसंघात अनंत गीते हे सुनील तटकरे यांच्यावर अवघ्या २,११० मतांनी विजयी झाले. आणि तटकऱ्यांच्याच नावाचा एक अपक्ष तेथे उभा होता, त्याला ९,८०० च्या वर मते पडली! आपल्यापैकी पुष्कळांची गावे तिकडची आहेत. त्यांना ही गोष्ट माहीत असेल. येथे मतदाराची निवड तिसऱ्याकडे गेली, असे म्हणण्यापेक्षा पुष्कळ मतदारांचा डोळा चुकला, असेच मानावे लागेल. यावर उपायही निघाला. २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्र येऊ लागले. म्हणजे हा रोग निराळा आणि त्याचे औषधही निराळे. मी ज्या तिसऱ्या उमेदवाराविषयी बोलणार आहे, तो स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मताने आणि जिंकण्याच्या किंवा निदान काही सांगण्याच्या इच्छेने उभा राहिलेला उमेदवार होय.

असा तिसरा उमेदवार आपल्या गिरणगावाने पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत पाहिला. १९५२ साली ‘मुंबई शहर उत्तर’ हा लोकसभेचा मतदारसंघ दोन जागांचा होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि त्यांच्या जोडीला सर्वसाधारण जागेसाठी समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. समोर काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर आणि विठ्ठल बाळकृष्ण गांधी. सरळ दुहेरी सामना व्हावयाचा. पण त्यात तिसरे आले कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे. गिरणी कामगारांत डांग्यांचा शब्द चालत असे, हे येथे सांगायला नकोच.

निकाल काय लागला? दोन्ही जागा काँग्रेसने जिंकल्या. बाबासाहेबांचा पराभव सुमारे साडेचौदा हजार मतांनी झाला. अशोक मेहता दहा हजारांच्या आतबाहेर मतांनी पडले. आणि डांग्यांना शहाण्णव हजारांच्या वर मते मिळाली. ज्यांनी राज्यघटनेच्या मसुद्याला आकार दिला, त्यांनाच त्या घटनेखालच्या पहिल्या लोकसभेत मुंबईने पाठवले नाही! पण खरी चक्रावणारी गोष्ट पुढेच आहे. या मतदारसंघात पाऊण लाखाच्या आसपास मते बाद झाली. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे, आणि मतदार आपल्या दोन मतपत्रिका दोन निरनिराळ्या पेट्यांत टाकी. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या, तर त्यांतली एक बाद. हजारो लोकांनी नेमके तेच केले होते. कम्युनिस्टांनी आपल्या मतदारांना दुसरे मत ‘कुजवायला’ शिकवले, असा आरोप झाला. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. तो यशस्वी झाला नाही.

आता या पराभवाचे खापर तिसऱ्या उमेदवारावर फोडावे काय? पुष्कळांनी फोडले. परंतु जरा थांबून विचार केला, तर एक वेगळी बाजू दिसते. १९३७ साली प्रांतिक निवडणुकीत याच भायखळा-परळ भागातून बाबासाहेब निवडून आले होते आणि त्यांनी प्रख्यात क्रिकेटपटू बाळू पळवणकर यांचा पराभव केला होता. त्या वेळी मुंबई इलाख्यात मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत असत. अल्पसंख्य गटाला त्याचा मोठा आधार होता. १९५२ च्या नियमाने तो आधार काढून घेतला. १९३७ साली जी गोष्ट मतदाराचा हक्क होती, तीच १९५२ साली मताचा नाश ठरली! मग मते कुजली ती केवळ उमेदवारामुळे की मोजण्याच्या नियमामुळेही? आणि डांगे उभे नसते, तर त्यांची मते कोठे गेली असती? समाजवादी आणि कम्युनिस्ट यांचे त्या काळचे हाडवैर ज्यांनी ऐकले आहे, ते छातीठोक उत्तर देणार नाहीत. खरे उत्तर कोणालाच देता येत नाही. कारण मतदाराला आपली दुसरी पसंती सांगण्याची सोयच त्या पद्धतीत नव्हती. हा मुद्दा कृपा करून लक्षात ठेवा. तोच आजच्या व्याख्यानाचा कणा आहे.

पुढच्या निवडणुकीत याच वस्तीने तिसरेपणा मिटवून दाखवला. १९५६ च्या फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, आणि कालचे वैरी एका मांडवाखाली आले. १९५७ साली ‘मुंबई शहर मध्य’ हा दोन जागांचा मतदारसंघ समितीने जिंकला. एका जागेवर डांगे, दुसऱ्या जागेवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने! पाच वर्षांपूर्वी ज्या दोन झेंड्यांच्या वादात मते कुजली, तेच दोन झेंडे आता शेजारी शेजारी फडकले. हे पाहायला बाबासाहेब मात्र राहिले नव्हते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निर्वाण झाले होते. फाटाफुटीची किंमत आणि एकजुटीचे बळ, ही दोन्ही गणिते गिरणगावाने पाच वर्षांच्या आत स्वतःच्या अंगावर सोडवली आहेत.

यावरून कोणी म्हणेल, ‘मग झाले तर! तिसऱ्याने मुकाट्याने पहिल्या दोघांपैकी एकात सामील व्हावे.’ हे मला मान्य नाही. कारण समितीची एकजूट एका मोठ्या प्रश्नावर उभी होती. मुंबईसह महाराष्ट्र झाला पाहिजे, ही ती मागणी. आणि १ मे १९६० रोजी ती पुरी झाली. असा प्रश्न रोज उपजत नाही. तो संपला की एकजुटीचा डिंकही सुटतो, आणि मग ज्याचे म्हणणे दोघांच्याही जाहीरनाम्यात बसत नाही, त्याने करायचे काय?

त्याचे उत्तर १९८४ साली परळ-लालबागने दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो अधिकृतपणे मिटला असे कधी झालेच नाही. गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद झाले, एवढेच. १९८४ च्या डिसेंबरात निवडणूक आली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ती लाट आपल्याला आठवत असेल. काँग्रेसने चारशेच्या वर जागा जिंकल्या. अशा लाटेत दक्षिण मध्य मुंबईतून निवडून आले डॉक्टर दत्ता सामंत! काँग्रेसही नव्हे, आणि भाजपच्या चिन्हावर उभे राहिलेले शिवसेनेचे वामनराव महाडिकही नव्हेत. ज्या माणसाचा संप सरकार, मालक आणि मान्यताप्राप्त संघटना या तिघांनीही नाकारला होता, त्याला कामगाराने संसदेत पाठवले. ‘तिसऱ्याला देऊन मत फुकट घालवू नका’ हा उपदेश त्या दिवशी कामगाराने मानला असता, तर त्याचे दुःख मतपेटीतून बोललेच नसते. त्या मताने संप जिंकला नाही, हे खरे. पण मत हे केवळ सरकार बनवण्याचे साधन नसते. ती एक साक्षही असते.

आता अलीकडे येऊ. २००९ च्या मे महिन्यातला लोकसभेचा निकाल आपल्या सर्वांच्या स्मरणात असेल. महाराष्ट्र नवनिर्माण सेना ही तेव्हा तीन वर्षांची संघटना. दक्षिण मुंबईत काँग्रेसचे मिलिंद देवरा यांना सुमारे दोन लाख बहात्तर हजार मते मिळाली, मनसेचे बाळा नांदगावकर यांना एक लाख साठ हजारांच्या जवळपास, आणि शिवसेनेचे मोहन रावले यांना सुमारे एक लाख शेहेचाळीस हजार. मागच्या दोघांची बेरीज करा. ती तीन लाखांवर जाते. ईशान्य मुंबईत तर भाजपचे किरीट सोमय्या तीन हजारांच्या आतल्या फरकाने पडले आणि मनसेला तेथे एक लाख पंच्याण्णव हजारांवर मते होती. मुंबईच्या सहाही जागा युतीने गमावल्या. गॅलरीत एकच निवाडा झाला, ‘मराठी मते फुटली, मनसेने खाल्ली.’

पण श्रोतेहो, दक्षिण मुंबईचे आकडे पुन्हा ऐका. तेथे दुसऱ्या क्रमांकावर कोण होते? नांदगावकर. तिसरे होते रावले. मग मते कोणी कोणाची खाल्ली? जो जुना, तो आपल्याला मूळ मालक समजतो आणि नव्याला ‘तिसरा’ ठरवतो. पण पेटी उघडल्यावर तिसरेपणाची टोपी भलत्याच डोक्यावर बसलेली दिसते. अमेरिकेत १९१२ साली नेमके हेच झाले. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट रिपब्लिकन पक्षातून फुटून निराळ्या पक्षातर्फे उभे राहिले. ते दुसरे आले, रिपब्लिकन पक्षाचे अधिकृत उमेदवार, म्हणजे खुद्द गादीवर असलेले अध्यक्ष टॅफ्ट, तिसरे आले, आणि शंभरातली बेचाळीससुद्धा पुरती मते न मिळवता विल्सन अध्यक्ष झाले. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ, या म्हणीचे याहून चोख उदाहरण शोधून सापडायचे नाही.

आणि त्याच २००९ च्या ऑक्टोबरात विधानसभेला काय झाले? मनसेचे तेरा आमदार निवडून आले. शिवडीतून नांदगावकर, माहीममधून नितीन सरदेसाई. मेमधला ‘मते खाऊ’ ऑक्टोबरात लालबाग आणि दादरचा प्रतिनिधी झाला. पाच वर्षांनी त्या तेरांचा एक झाला, आणि २०२४ साली तर एकही उरला नाही. मॉरिस दुव्हर्जे या फ्रेंच पंडिताने १९५१ साली मांडलेला सिद्धांत आहे, की ज्याला सर्वांत अधिक मते तो विजयी, या पद्धतीत मैदान हळूहळू दोघांचेच होते. तिसऱ्याचे मतदार ‘फुकट जाईल’ या भीतीने त्याला सोडतात. आपल्याकडे ते दोघे बदलत राहतात. पण भीती तीच.

२०२४ च्या नोव्हेंबरात माहीमला, म्हणजे या दादरच्या आसपासच्या मतदारसंघात, तीन उमेदवार, आणि तिघेही एकाच घराण्याच्या वारशावर हक्क सांगणारे. महेश सावंत यांना ५०,२१३, सदा सरवणकर यांना ४८,८९७ आणि अमित ठाकरे यांना ३३,०६२ मते. फरक अवघा १,३१६ चा. म्हणजे विजयी उमेदवाराला रुपयातले सहा आणे मिळाले आणि दहा आणे त्याच्या विरोधात गेले! यात सावंतांचा काही दोष नाही. नियमाप्रमाणे ते जिंकले. पण तिसऱ्याला ज्या तेहतीस हजारांनी मते दिली, त्यांना उरलेल्या दोघांतला कोण बरा वाटत होता? कोणी म्हणतो हा, कोणी म्हणतो तो. माझ्या समजुतीने दोघेही अंदाज करीत आहेत. १९५२ साली जे कळले नाही, ते बहात्तर वर्षांनीही कळले नाही. यंत्र आले, छायाचित्रे आली, पण मतदाराला दुसरा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

हा दुसरा प्रश्न जेथे विचारला जातो, त्या निवडणुकीकडे आता वळू. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. काँग्रेसच्या संसदीय मंडळाने नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली. पंतप्रधान इंदिरा गांधींच्या मनात ते नव्हते. उपराष्ट्रपती वराहगिरी व्यंकट गिरी यांनी पदाचा राजीनामा देऊन अपक्ष म्हणून अर्ज भरला. आणि जनसंघ व स्वतंत्र पक्ष यांनी पुढे केले चिंतामणराव देशमुखांना. माणूस केवढा, ते आपल्याला ठाऊक आहे. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे केंद्राचे अर्थमंत्री. आणि मुंबई महाराष्ट्राला नाकारण्याच्या धोरणाविरुद्ध १९५६ साली मंत्रिपदावर पाणी सोडणारे. त्या राजीनाम्याने मराठी माणसाची मान उंच केली होती.

राष्ट्रपतीची निवड घटनेच्या ५५ व्या कलमाप्रमाणे एकल संक्रमणीय मताने होते. नाव भारदस्त आहे. पण गोष्ट अगदी घरगुती आहे. बाजारात जाणाऱ्या यजमानाला गृहिणी सांगते, ‘पापलेट मिळाले तर पाहा, नाही तर सुरमई, आणि तीही महाग असली, तर बांगडे आणा.’ या एका वाक्यात संक्रमणीय मताचे सारे शास्त्र आले. पहिली पसंती निकालात निघाली की मत फुकट जात नाही; ते दुसऱ्या पसंतीकडे जाते. आपली नेहमीची निवडणूक म्हणजे पापलेट नाही म्हणून रिकामी पिशवी घेऊन घरी येणे!

१६ ऑगस्टला मतदान झाले, २० ला मोजणी. एकूण वैध मतमूल्य ८,३६,३३७. विजयाला लागणार निम्म्याहून एक अधिक, म्हणजे ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८ आणि देशमुख १,१२,७६९. बाकीचे बारा उमेदवार मिळून साडेआठ हजारांच्या आसपास. कोणीच निम्म्यावर नाही. मग खालून एकेकाला बाद करीत त्यांची मते पुढच्या पसंतीप्रमाणे वाटली. शेवटी देशमुखही बाद झाले, आणि अंतिम आकडे आले ते असे : गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७.

आता ‘मते खाण्या’चा खटला या आकड्यांपुढे चालवू. देशमुखांनी रेड्डींची मते खाल्ली काय? वाटलेल्या मतांपैकी रेड्डींच्या वाट्याला ९१,८७९ आली, आणि गिरींच्या वाट्याला १८,५६२. म्हणजे सहातली पाच रेड्डींना. साध्या पद्धतीची निवडणूक असती, तर सारा देश म्हणाला असता, ‘देशमुख उभे राहिले म्हणून रेड्डी पडले,’ आणि हा वाद आजतागायत चालू राहिला असता. पण येथे मोजणीनेच उत्तर दिले आहे. ती मते रेड्डींना मिळाल्यावरही ते पडले. जी १०,८३३ मते कोणाकडेच गेली नाहीत, कारण त्या मतदारांनी पुढची पसंतीच लिहिली नव्हती, तीही सगळी रेड्डींना देऊन पाहा. बेरीज ४,१६,२६० होते. तरीही गिरीच पुढे! म्हणजे चिंतामणराव निर्दोष सुटतात, आणि तेही कोणाच्या मेहेरबानीने सुटत नाहीत, हिशेबाने सुटतात.

मला एवढेच सांगून थांबता येणार नाही; कारण दुसरी बाजू लपवणे हे व्याख्यात्याला शोभत नाही. देशमुखांच्या मतांची दुसरी पसंती मिळवण्यासाठी काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांना भेटले. त्या भेटीचेच भांडवल होऊन विवेकबुद्धीनुसार मतदानाचा नारा पुढे आला, आणि नोव्हेंबरात काँग्रेस दुभंगली. तेव्हा तिसऱ्याने निकाल बदलला नाही, पण राजकारण बदलले. पसंतीच्या पद्धतीत पडद्यामागचे सौदे होऊ शकतात, हा आक्षेप खरा आहे. आपल्याच विधिमंडळात १० जून २०२२ रोजी राज्यसभेच्या सहाव्या जागेसाठी काय झाले, ते आठवा. पहिल्या पसंतीची मते शिवसेनेच्या संजय पवारांना अधिक होती. पसंतीच्या वाटपात जिंकले भाजपचे धनंजय महाडिक. पण असे सौदे मूठभर आमदारांत होतात. लाखो मतदारांची दुसरी पसंती कोणत्या हॉटेलात नेऊन ठेवणार?

१९६९ नंतर आपण काय धडा घेतला? उमेदवारांची गर्दी झाली म्हणून १९७४ साली कायदा बदलून दहा सूचक आणि दहा अनुमोदक सक्तीचे केले. १९९७ साली ते प्रत्येकी पन्नास झाले आणि अनामत पंधरा हजारांवर गेली. म्हणजे कुंपण उंच केले. हौशी उमेदवार त्याने थांबले, हे ठीकच झाले. पण उपद्रवी आणि उपयोगी यांतला फरक कुंपणाला कळत नाही. तो कळतो मोजणीला. कुंपण आणि मोजणी या दोन उपायांत माझा कौल मोजणीकडे आहे.

परदेशातही याचीच साक्ष मिळते. २००० साली अमेरिकेत फ्लोरिडा राज्याचा, आणि त्यामुळे अध्यक्षपदाचाही, निकाल ५३७ मतांनी लागला. तेथे तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना सत्त्याण्णव हजारांवर मते होती. त्या मतांची दुसरी पसंती कोणी विचारली नाही, म्हणून नेडर यांना दोष देणारे आणि त्यांची बाजू घेणारे अजून भांडत आहेत. फ्रान्समध्ये दोन फेऱ्यांची पद्धत आहे. पण २००२ साली डाव्या बाजूला इतके उमेदवार झाले, की पंतप्रधान जोस्पँ दोन लाखांहून कमी मतांनी पहिल्याच फेरीत बाहेर पडले. याउलट आपला शेजारी श्रीलंका पाहा. तेथे मतदार अध्यक्षपदासाठी तीन पसंत्या देऊ शकतो. अनुरा कुमार दिसानायके यांना २०१९ साली शंभरात तीन-साडेतीन मते होती. २०२४ साली तेच बेचाळीसवर गेले. निम्मी कोणालाच नव्हती, म्हणून त्या देशात प्रथमच दुसऱ्या पसंतीची मोजणी झाली आणि ते अध्यक्ष झाले. कालचा तिसरा आज पहिला झाला, आणि कोणी कोणाची मते खाल्ल्याचा खटला उभा राहिला नाही.

‘आपल्या लोकांना हे कळायचे नाही,’ असा आक्षेप नेहमी येतो. ज्या शहरात पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर जाणारा आमदार याच पद्धतीने निवडला जातो, तेथे हा आक्षेप तरी कसा टिकतो? तुमच्यापैकी अनेकांनी मतदान केंद्रावर दिलेला जांभळा पेन हातात धरून १, २, ३ असे आकडे लिहिले असतील. पदवीधराला जमते ते गिरणी कामगाराच्या मुलाला जमणार नाही, असे म्हणायचे असेल, तर म्हणणाऱ्याने ते लालबागच्या नाक्यावर उभे राहून म्हणावे! अडचण खरी आहे ती यंत्रांची आणि मोजणीला लागणाऱ्या वेळाची. यंत्रे एकच बटण घेणारी आहेत. ती बदलावी लागतील, आणि खर्च होईल. तो खर्च मला वायफळ वाटत नाही.

तोपर्यंत मतदाराने काय करावे? माझे उत्तर थोडक्यात असे आहे. तिसरा उमेदवार दिसला की त्याला आधी विचारावे, ‘तू कोणत्या प्रश्नासाठी उभा आहेस?’ केवळ तिकीट न मिळाल्याच्या रागाने उभा असेल, तर त्याला हात जोडावेत. मग विचारावे, ‘मागची पाच वर्षे तू कोठे होतास?’ चाळीचा पुनर्विकास, गिरणी कामगारांची घरे, पाण्याची वेळ, या कशासाठी तो कधी दिसला असेल, तर त्याचा हक्क पहिल्या दोघांइतकाच आहे. आणि शेवटचा प्रश्न स्वतःलाच विचारावा, ‘हा पडला आणि मला नको असलेला निवडून आला, तर मी उद्या सकाळी त्याचे खापर दुसऱ्यावर न फोडता राहीन काय?’ याचे उत्तर होकारार्थी आले, तर खुशाल तिसऱ्याला मत द्यावे. नकारार्थी आले, तर दोघांतल्या बऱ्याला द्यावे, आणि त्यात कमीपणा मानू नये. दोन्ही मते प्रामाणिक आहेत. अप्रामाणिक आहे ते दुसऱ्याच्या मताला चोरी म्हणणे.

५ जुलै २०२५ रोजी वरळीच्या डोममध्ये दोघे ठाकरे बंधू बऱ्याच वर्षांनी एका व्यासपीठावर आले, तेव्हा पुष्कळांनी लगेच २००९ चे आकडे काढून बेरजा मांडल्या. बेरीज करायला माझी हरकत नाही. नेत्यांनी ती करावीच. माझे मागणे एवढेच आहे, की ही बेरीज नेत्यांच्या बैठकीत होण्याऐवजी मतदाराच्या हाती यावी. ज्याला दोन्ही हवेत, त्याने एक आणि दोन लिहावे. ज्याला एकच हवा, त्याने एकच लिहावा. मग तिसरा उमेदवार तारक की मारक, हा वाद मिटेल. दोष माणसाचा फार थोडा आहे, श्रोतेहो. पुष्कळसा मोजणीचा आहे. आणि मोजणी बदलणे हे माणसे बदलण्यापेक्षा पुष्कळ सोपे काम आहे.